शंभरपट वेगाचं कार्ड मुलाला घेऊन द्यावं का?

प्रश्न : माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला पॅरलल कम्प्युटिंगमध्ये (एकच काम तुकडे करून एकाच वेळी अनेक ठिकाणी करायचं तंत्र) करिअर करायचंय. त्यासाठी दोन लाखांचं ग्राफिक्स कार्डवालं वर्कस्टेशन मागतोय. साध्या मशीनपेक्षा ते शंभरपट वेगात चालतं म्हणे. घ्यावं का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. क्षेत्र चांगलं आहे, फक्त 'शंभरपट' कशाच्या तुलनेत हे चिरंजीवांना विचारा. बऱ्याचदा एका बाजूला घासूनपुसून लिहिलेला कार्डाचा प्रोग्रॅम असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रोसेसरचा एकच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वापरणारा, कसातरी लिहिलेला. २०१० मध्ये इंटेलच्या संशोधकांनी दोन्हीकडचे प्रोग्रॅम नीट लिहून १४ प्रकारची गणितं चालवली. एनव्हिडियाचं जीटीएक्स २८० कार्ड कोअर आय७ ९६० प्रोसेसरपेक्षा सरासरी अडीचपटच वेगवान निघालं. (इंटेल स्वतः प्रोसेसर विकते, हेही ध्यानात ठेवा.) त्यानंतर कार्डं खूप पुढं गेली, पण तुलनेतली ही गफलत आजही चालते.

दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. भट्टी एकच असेल, तर मोल्डिंगला माणसं दुप्पट लावून कास्टिंग दुप्पट निघतात का? संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकासाठी हाच हिशेब मांडला. प्रोग्रॅमचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर ८ कोअर लावून वेग पावणेपाचपटीच्या आतच राहतो. हजार लावले तरी दहापट होत नाही. शिवाय डेटा कार्डावर नेण्या-आणण्यात वेळ जातो. तो धरायचा बहुतेक जण विसरतात, किंवा सोयीनं विसरतात.

म्हणून मुलाला आधी मोजायला शिकू दे. घरच्या लॅपटॉपला चार कोअर असले तरी ओपनएमपी आणि एमपीआय (काम अनेक कोअरना वाटून देणारी प्रोग्रॅमिंगची साधनं) शिकायला पुरेत. कार्डाचा सराव गूगल कोलॅबवर (इंटरनेटवरून गूगलचं मशीन वापरायची सोय) मर्यादित वेळ फुकट होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर तुमच्या दारातच आहे : साच्यात धातू कसा गोठतो याचं छोटं सिम्युलेशन लिहायचं, आधी एका कोअरवर, मग सगळ्या कोअरवर, शेवटी कार्डावर. घड्याळ मात्र फाइल उघडल्यापासून निकाल हातात येईपर्यंत लावायचं. वेग दुप्पटच वाढला तरी बिघडत नाही. का वाढला नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला मी मुलाखतीत वर ठेवीन.

पुढच्या शिक्षणासाठी पुण्याचं सी-डॅक (केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था) जवळच आहे. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर महासंगणक त्यांनीच बनवला. त्यांच्या पदव्युत्तर पदविकांना सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. एम.टेक. करायचं असेल तर गेट या प्रवेश परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करायला हवी.

कार्डाचं पुन्हा बघू. प्रोजेक्टमध्ये कोलॅब अपुरं पडलं आणि कुठं अपुरं पडतंय हे त्यानं आकड्यांत दाखवलं, तर जरूर घ्या. तेव्हाही आधी कार्डावर मेमरी किती लागते ते त्यालाच काढायला सांगा.