ट्रॅक थांबत नाही हो, ताई!

"घरी उत्तम जमतं. हॉलमध्ये माइक हातात आला की घसा बसतो." हे वाक्य गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे इतक्यांदा आलंय, की समोरचा माणूस "घरी उत्तम" म्हणाला की पुढचं मी मनातल्या मनात पुरं करते. इंदूरला कराओकेचं वेड आहे. सुदामानगर घ्या, राजेंद्रनगर घ्या, कुठे ना कुठे एखादा ग्रुप असतोच. वर्गणी काढून हॉल, एक साउंडवाला, मध्यंतराला पोहे-जिलबी आणि पेनड्राइव्हवर भरलेले ट्रॅक, म्हणजे गाण्याची नुसती वाजवलेली साथ. ४ ऑगस्टला किशोरकुमारांची आणि २८ सप्टेंबरला लताबाईंची जयंती, त्याच्या आसपास हॉल मिळायची मारामार असते. किशोरकुमार खंडव्याचे आणि शिकले इथल्या क्रिश्चियन कॉलेजात, लताबाईंचा तर जन्मच इंदूरचा, आणि दोघंही १९२९चे. त्यामुळे इथला नवशिका माइक धरतो तो थोडा दबूनच.

या तक्रारीवर एकच गोष्ट सांगते, ती एका काकांची. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत, आणि ती लिहायला त्यांची परवानगी आहे. सरकारी खात्यात वरच्या जागेवरून निवृत्त. भजनी मंडळात वर्षानुवर्षं गायलेले, म्हणजे सूर पक्का. तरीही एका मित्राच्या साठीच्या कार्यक्रमात कराओकेवर गाताना म्युझिक संपायच्या आधीच त्यांनी अंतरा उचलला. गायची वेळ आली की पडद्यावरची अक्षरं रंगतात, ती अजून पांढरीच होती. कुणीतरी हसलं. काकांनी माइक खाली ठेवला, आणि त्यानंतर ते ग्रुपमध्ये फक्त टाळ्या वाजवायला जायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी वही काढली. गाणं टपोऱ्या अक्षरांत उतरवलेलं, श्वासाच्या जागा लाल पेनाने, प्रत्येक ओळीपुढे मिनिटं-सेकंद.

"एवढी तयारी करूनही?" मी विचारलं.

"ट्रॅक थांबत नाही हो, ताई."

"मंडळात पेटीवाले थांबायचे?"

"थांबायचे म्हणजे? मी जिथून उचलीन तिथून ते धरायचे."

मला जे ऐकायचं होतं ते इथेच मिळालं. त्यांना भीती बेसूर होण्याची नव्हतीच. आयुष्यभर घरी आणि कचेरीत लोकांनी त्यांच्या लयीत चालायचं, हा रिवाज होता. आता एक यंत्र त्यांच्यासाठी क्षणभरही थांबायला तयार नव्हतं, आणि त्यांची चूक वीस माणसांसमोर रंगीत अक्षरांत दाखवत होतं.

पुढच्या भेटीत मी त्यांना त्या संध्याकाळबद्दल विचारलं. तुमच्या आधी कोण गायलं? आठवेना. नंतर? एक वहिनी, बहुतेक. कुठलं गाणं? त्या कुठे चुकल्या? काका बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझंही कुणाच्या लक्षात नसणार." मी काहीच बोलले नाही. माणसाने स्वतः काढलेल्या निष्कर्षाला आपण दुजोरा दिला की त्याची धार जाते, हा माझा अनुभव.

पण आठवड्याने ते परत आले ते तसेच. "डोक्याला पटलं, ताई. घशाला पटत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळांना ऐकवते, कारण समजूत घालून भागत नाही ते नेमकं इथे. माझा ओढा अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. एलिस १९ वर्षांचे असताना न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी मुद्दाम बोलायला लागले, कारण त्यांना त्याचीच धास्ती होती. शंभरेक जणींशी बोलले. भेटायला एकच तयार झाली, आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली. पुढे हाच माणूस लोकांच्या ओळखीच्या चालींवर गमतीची गाणी रचायचा आणि आपल्या जेमतेम गळ्याने भर सभेत म्हणायचा. म्हणजे आमच्या शास्त्रातला पहिला कराओके गायक तोच, असं मी गमतीने म्हणते.

तर मी काकांना म्हटलं, "आता चुकायचा सराव करू. पहिल्या अंतऱ्याची दुसरी ओळ गायचीच नाही. ट्रॅक जाऊ दे पुढे. तिसऱ्या ओळीला परत या."

फोनवर ट्रॅक लावला. दुसरी ओळ आली आणि ते गायले. पुन्हा लावला. पुन्हा गायले. चुकायचं म्हणून बसलेल्या माणसाला चुकता येईना! दोघंही हसायला लागलो. मग एकदाची ती ओळ सुटली, काका तोंड घट्ट मिटून बसले, आणि तिसरी ओळ त्यांनी बरोब्बर मात्रेवर उचलली. पडद्याकडे न बघता.

"हे कसं केलंत?"

ते स्वतःच चकित झाले होते. "रिकाम्या जागेत तबला ऐकू आला," म्हणाले. "केरवा आहे हो हा. आठ मात्रा. मला आत्ता कळतंय."

इतके दिवस ते ट्रॅकवर कचेरीतल्या फायलीसारखी नजर ठेवून होते. ऐकलेला कधी नव्हता. भजनात त्यांना ऐकावं लागलंच नव्हतं, पेटीवाला त्यांना ऐकायचा. ओळ सोडायची झाली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सोबतीकडे कान दिला. गाणं सुधारायला मी काही शिकवलं नाही, मला येतही नाही. चूक होऊ द्यायची परवानगी मिळाली की लक्ष स्वतःवरून उठून गाण्यावर जातं, इतकंच. हे मी आधीही पाहिलं होतं, पण तबल्याच्या मात्रा मोजून कुणी पटवलं नव्हतं.

लोकमान्यनगरला एका मित्राच्या घरी आठ-दहा जणांसमोर त्यांनी तोच प्रयोग केला. दुसरी ओळ सोडली. दुसऱ्या दिवशी फोन आला: "ताई, सगळ्यांना वाटलं मी ती ओळ त्यांच्यासाठी सोडली. सगळे मिळून गायले!"

आता जे पहिल्यांदा माइक धरणार आहेत त्यांच्यासाठी. कराओके मुळात कुणासाठी निघालं ते आधी ऐका. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं आणि इनोउए यांना जाता येत नव्हतं. म्हणून त्यांनी त्या मालकाच्या सोयीने साथ वाजवून टेप करून दिली. त्यातून १९७१ साली त्यांचं यंत्र आलं. पेटंट काही त्यांनी घेतलं नाही. २००४ साली त्यांना शांततेचं इग्नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक, मिळालं, लोकांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवल्याबद्दल. मला हा सन्मान अगदी योग्य वाटतो.

तेव्हा ट्रॅक तुमच्या सोयीचा असणं हा कमीपणा नव्हे. मूळ पट्टीचा हट्ट नवशिक्यांना सगळ्यात जास्त नडतो. लताबाईंची पट्टी बहुतेक बायकांना झेपत नाही, आणि झेपायला हवी असा नियमही नाही. फोनवरच्या ॲपमध्ये ट्रॅक पेटीच्या दोन-तीन पट्ट्या खाली घेता येतो, वेग तोच राहतो. फार खाली नेलात तर मात्र वाद्यं बोजड वाजतात. पट्टी ठरवताना मुखडा गाऊन बघू नका, अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा गाऊन बघा. पितळ तिथे उघडं पडतं.

पहिलं गाणं आवडतं नको, पाठ असलेलं घ्या. मधली म्युझिकं लांबलचक असतील तर ते गाणं पुढे कधीतरी. आठवडाभर नुसता ट्रॅक ऐका, गाऊ नका. कुठल्या वाद्यानंतर तुमची ओळ येते ते कानाला ओळखू द्या. ब्लूटूथ हेडफोनवर सराव टाळा, त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि एंट्री चुकायची सवय लागते. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं, जाळी मुठीत झाकायची नाही, स्पीकरच्या तोंडाशी न्यायचा नाही, नाहीतर शिट्टी वाजते. कार्यक्रमात नंबर सुरुवातीचा मागून घ्या. तीन तास वाट बघत बसण्यात अर्धी भीती तयार होते.

रेकॉर्डिंग ऐकून "हा माझा आवाज?" म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून आतून तो भरदार लागतो. फोनवरचा पातळ वाटतो, पण इतरांना वर्षानुवर्षं जवळपास तोच ऐकू येतोय आणि ते तुमच्याशी बोलणं सोडून गेलेले नाहीत.

आणि एक ओळ मुद्दाम सोडा, पहिल्याच कार्यक्रमात. हा उपाय बहुतेकांना थट्टा वाटतो, करून बघणारे कमी.

हे सगळं सर्वसाधारण धास्तीसाठी. चारचौघांत जेवणं, फोनवर बोलणं, लग्नाकार्याला जाणं हेही टाळावंसं वाटत असेल, तर प्रश्न गाण्याचा नाही. समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडे येऊ नका.

काकांची एंट्री अजूनही अधूनमधून चुकते. सध्या काकूंबरोबर ड्युएट बसवणं चाललंय आणि पट्टीवरून वाजलंय. काकूंना झेपेल इतकी खाली आणली की काकांचा आवाज तळाला जातो, काकांना जमेल तिथे ठेवली की काकूंचा वर फाटतो. दोघांनी मला निवाडा करायला बोलावलं होतं. मी त्यांना साउंडवाल्याचा नंबर दिला.