वाचकांचे प्रश्न : घरासाठी डिजिटल टीव्ही रेकॉर्डर घेताना

प्रश्न : ५०० जीबी, १ टीबी आणि २ टीबी असे तीन रेकॉर्डर पाहिले. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. घरात डिश आहे, टीव्ही एकच. कोणता घ्यावा?

उत्तर : डिस्कचा आकडा सगळ्यांत शेवटी पाहा. आधी ट्यूनर, म्हणजे वाहिनीचा सिग्नल पकडणारा भाग, पाहा, कारण डिस्क पुढे वाढवता येते, ट्यूनर बहुधा बदलता येत नाही. घरात सिग्नल ज्या वाटेने येतो त्याच वाटेचा ट्यूनर हवा. डीव्हीबी (डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाचे एक मानक) पद्धतीचे प्रक्षेपण असेल तर डिशसाठी डीव्हीबी-एस२, साध्या अँटेनासाठी डीव्हीबी-टी२ आणि केबलसाठी डीव्हीबी-सी. एस२ ट्यूनरला जुने एस प्रक्षेपणही घेता येते. जुन्या एस ट्यूनरला एस२ मात्र कळत नाही. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या असतील तर बाजारातला कोणताही रेकॉर्डर चालेल असे धरून चालू नका. त्या वाहिन्या कुलूपबंद येतात आणि त्यांची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीच्या कार्डात किंवा तिच्याच बॉक्समध्ये असते. कोणता बॉक्स चालतो हे आधी कंपनीला विचारा, मग खरेदी करा.

ट्यूनर किमान दोन हवेत. एकाच ट्यूनरवर रेकॉर्डिंग सुरू असताना दुसरीकडची वाहिनी पाहता येत नाही, आणि घरात भांडण इथेच होते. उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपॉन्डरवरून (सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणाऱ्या यंत्रावरून) एकत्र येणाऱ्या वाहिन्या काही रेकॉर्डर एका ट्यूनरवरही नोंदवतात, पण आपल्या आवडीच्या वाहिन्या नेमक्या एकत्र येतील याचा भरवसा नाही.

आता डिस्क. डिजिटल रेकॉर्डर सहसा आलेला प्रवाह जसाच्या तसा साठवतो, त्यामुळे किती जागा लागेल हे वाहिनीच्या बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या माहितीच्या प्रमाणावर, ठरते. हिशेब सोपा आहे: मेगाबिट प्रति सेकंदाला ०.४५ ने गुणले की तासाचे जीबी मिळतात. साधी वाहिनी ४ मेगाबिटची असेल तर तासाला १.८ जीबी, एचडी १० मेगाबिटची असेल तर ४.५ जीबी, फोर-के २५ मेगाबिटची असेल तर सव्वाअकरा जीबी. म्हणजे ५०० जीबीमध्ये एचडीचे सुमारे ११० तास मावतात. पाहून झाले की पुसणाऱ्या घराला एवढे पुष्कळ झाले. मालिका साठवून ठेवणाऱ्यांनी १ टीबी घ्यावी. २ टीबीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे जादा ट्यूनरवर घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ टीबीची डिस्क पडद्यावर ९३१ जीबी दिसली तर घाबरू नका; तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

प्रश्न : दोन ट्यूनरचा रेकॉर्डर आणला. डिशची केबल एकच असल्याने स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड) लावून दोन्ही ट्यूनरना जोडली. एक वाहिनी रेकॉर्ड होत असली की बाकीच्या कितीतरी वाहिन्यांवर ‘सिग्नल नाही’ येते. रेकॉर्डर बिघडला आहे का?

उत्तर : रेकॉर्डर ठीक आहे, जोडणी चुकली आहे. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (डिशने गोळा केलेला सिग्नल केबलमध्ये उतरवणाऱ्या भागाला) कोणत्या वाहिन्या खाली पाठवायच्या हा हुकूम ट्यूनर त्याच केबलमधून देतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवीकरणाच्या (ज्यांच्या लहरी उभ्या दिशेने कंप पावतात अशा) वाहिन्या येतात, १८ व्होल्ट दिले की आडव्या. शिवाय २२ किलोहर्ट्झचा सूर सोडला की फ्रिक्वेन्सीचा वरचा पट्टा, नाहीतर खालचा. असे चार गट होतात आणि एका केबलमधून एका वेळी एकच गट उतरतो. पहिल्या ट्यूनरने १८ व्होल्ट धरून ठेवले की दुसऱ्याला १३ व्होल्टचा गट मिळणारच नाही, मग स्प्लिटर कितीही भारी असो.

उपाय दोन. दोन केबल जोडता येणारा, म्हणजे ट्विन एलएनबी लावून दुसरी केबल ओढणे, हा सर्वांत खात्रीचा. नवी केबल ओढणे शक्यच नसेल तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी बसवा. तो प्रत्येक ट्यूनरला एकाच केबलमध्ये वेगळी फ्रिक्वेन्सी नेमून देतो. ईएन ५०४९४ मानकात असे ८ ट्यूनर चालतात, ईएन ५०६०७ मध्ये ३२. तेच मानक रेकॉर्डरच्या मेनूत आहे का ते आधी पाहा आणि प्रत्येक ट्यूनरला वेगळा क्रमांक द्या. दोघांना एकच क्रमांक दिला की दोघेही अडखळतात.

साध्या अँटेनाला हा व्होल्टेजचा प्रश्न नसतो, तिथे स्प्लिटर चालतो. मात्र दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन ते चार डेसिबल सिग्नल जातो. आधीच कसाबसा येणारा सिग्नल असेल तर चित्राचे चौकोन पडू लागतात. अशा वेळी अॅम्प्लिफायर अँटेनाजवळ लावा, टीव्हीपाशी नको; वाटेत मिसळलेला गोंगाट नंतर वाढवून काही साधत नाही.

प्रश्न : टीव्हीलाच यूएसबी डिस्क लावून रेकॉर्डिंग होते, मग वेगळा रेकॉर्डर कशाला? आमच्याकडे डिस्क टकटक आवाज करून बंद पडते, आणि चांगल्या झालेल्या फाइल संगणकावर उघडत नाहीत.

उत्तर : अधूनमधून एखादा कार्यक्रम नोंदवायचा असेल तर टीव्ही पुरेसा आहे. पण बऱ्याच टीव्हींत रेकॉर्डिंगसाठी एकच ट्यूनर मोकळा असतो.

टकटक होते ती बहुधा वीज अपुरी पडल्याने. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. फिरती डिस्क सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढते. स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तिला स्वतःचा अॅडॅप्टर हवाच. पेनड्राइव्ह टाळा. टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून नंतर पाहता यावा म्हणून सतत होणारी नोंद) कायम सुरू ठेवल्यास १० मेगाबिटच्या वाहिनीचे दिवसाला १०८ जीबी लिहिले जातात. स्वस्त पेनड्राइव्ह त्या माऱ्याने लवकर झिजतो. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केली असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा पडते आणि कार्यक्रमाचे तुकडे होतात.

फाइल न उघडण्याचे कारण वेगळे. अनेक टीव्ही रेकॉर्डिंग कूटबद्ध करतात आणि किल्ली त्या टीव्हीच्या बोर्डातच ठेवतात. टीव्ही बदलला, कधी नुसता बोर्ड बदलला, तरी रेकॉर्डिंग गेले. जपून ठेवायचे काही असेल तर यूएसबीवर उघड्या स्वरूपात फाइल काढू देणारा रेकॉर्डर निवडा, आणि ही सोय तुमच्या वाहिन्यांना लागू आहे का तेही विचारून घ्या.

प्रश्न : कार्यक्रमाचा शेवट नेहमी कापला जातो.

उत्तर : टायमरच्या मेनूत आधी ३ आणि नंतर १० मिनिटे जास्तीची धरा; थेट सामन्यासाठी नंतरची ६० ठेवा. लागोपाठचे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या वाहिन्यांवर असतील तर ही जादा मिनिटे एकमेकांवर चढतात आणि तेवढा वेळ दोन ट्यूनर अडतात. रात्री भिंतीवरचे बटण बंद करत असाल तर तेही थांबवा. रेकॉर्डर स्टँडबायवरच हवा, नाहीतर टायमर जागाच होत नाही आणि कार्यक्रमपत्रिकाही शिळी राहते.