आधार घेतल्याने पाय दुबळे होतात का?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका असून माझे वय ४१ आहे. माझे पाय गुडघ्यांखाली बारीक झाले आहेत, पावले कमानदार व बोटे वाकडी झाली आहेत आणि सपाट जमिनीवरही ठेच लागते. चालताना चप्पल पायातून निघून जाते, ते चार पावले पुढे गेल्यावर कळते. देवळात हात जोडून डोळे मिटले की तोल जातो, म्हणून हल्ली मी खांबाला टेकून उभी राहते. वडिलांचे पाय असेच होते. त्यांना लहानपणी पोलिओ झाला असावा, असे घरात सगळे समजत. यंदा तपासणीत मला शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. पायांसाठी आधार सुचवला आहे, परंतु तो घातल्यास उरलीसुरली ताकदही जाईल, अशी भीती वाटते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे; तिची तपासणी आताच करून घ्यावी का?

उत्तर : ताई, आपल्या भीतीपासूनच सुरुवात करतो, कारण या भीतीपायी अनेकजण कित्येक वर्षे पडत-धडपडत काढतात. घोट्यापासून पाऊल वर धरून ठेवणारा, बुटात बसणारा प्लास्टिकचा हलका आधार, ज्याला ए.एफ.ओ. म्हणतात, तो वापरल्यामुळे आपले स्नायू क्षीण होणार नाहीत. ते क्षीण होत आहेत ते त्यांच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमुळे. पाऊल खाली लोंबू नये म्हणून आपण प्रत्येक पावलागणिक गुडघा उंच उचलत असणार, आणि दुपारपर्यंत येणारा थकवा पुष्कळसा त्याचाच असतो. आधाराने ती शक्ती वाचते. मात्र तो पायाच्या मापाने घडवून घ्यावा आणि सुरुवातीला रोज थोडाच वेळ वापरून त्वचा कुठे लाल होते का, ते पाहावे; संवेदना कमी असलेल्या पायाला घासलेले कळत नाही.

या विकाराचे वर्णन १८८६ साली पॅरिसमध्ये शार्को व मारी यांनी आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी केले. नावातील टूथ हे आडनाव आहे, दातांशी त्याचा संबंध नाही. साधारण अडीच हजार माणसांमागे एकाला तो असतो. सर्वांत लांब मज्जातंतू आधी बाधित होतात, म्हणून प्रथम पावले आणि बऱ्याच वर्षांनी हात. तो सावकाश वाढतो आणि बहुतेकांचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही.

देवळातील अनुभव आपण नेमका टिपला आहे. पाऊल कुठे टेकले आहे, ही खबर पायांकडून पुरेशी पोहोचत नसल्यामुळे आपला मेंदू डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. म्हणून डोक्यावरून न्हाताना स्टुलावर बसावे, न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसवून घ्यावी आणि पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरी उशाशीच असावी. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर हाताला धरायला कठडा नसेल, तर तो करून घेणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. मे महिन्यातील तापलेल्या अंगणात किंवा देवळाच्या प्राकारात अनवाणी चालू नये. पाय भाजल्याचे फोड आल्यावरच लक्षात येते. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय आरशात पाहण्याची सवय लावावी, आणि चपलेऐवजी मागून पट्टा असलेले, घट्ट बसणारे पादत्राण घ्यावे.

मूळ विकार बरा करणारे औषध आज नाही. जीवनसत्त्व क भरपूर घेतल्याने फायदा होतो का, हे रुग्णांवर तपासून झाले आहे आणि तो दिसून आला नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. एक गोष्ट मात्र प्रत्येक डॉक्टरांना सांगत जावी : कर्करोगावर दिले जाणारे व्हिंक्रिस्टिन हे औषध या विकारात मज्जातंतूंची गंभीर हानी करू शकते. ही नोंद आपल्या कागदपत्रांत ठळक असू द्यावी.

आता मुलीविषयी. आपल्याकडून तिला हा विकार मिळण्याची शक्यता निम्मी आहे, मुलगा असता तरी तेवढीच असती. ती नीट धावत असेल, वारंवार अडखळत नसेल, तर जनुकीय तपासणीची घाई नको. सज्ञान झाल्यावर तो निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. टाचांवर चालता येत नसेल किंवा पावलांची कमान वाढत असेल, तर मात्र मज्जातंतुतज्ज्ञांना दाखवावे. तिला झाला तरी तो आपल्याइतकाच असेल, असे नाही. एकाच घरात त्याची तीव्रता पुष्कळ निरनिराळी दिसते. तिला विकाराचे नाव आपल्या तोंडूनच कळावे. तिच्या लग्नाच्या काळजीने आजच गप्प बसलात, तर आजोबांच्या पोलिओसारखीच आणखी एक चुकीची गोष्ट घरात पुढे चालू राहील.

सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढून घ्यावे. २०१६ च्या कायद्यातील आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते; परंतु तळमजल्यावरचा वर्ग आणि बसून शिकवण्याची मुभा मुख्याध्यापकांकडे मागण्यासाठी त्या आकड्याची वाट पाहू नये. येत्या पावसाळ्याआधीच लेखी अर्ज द्यावा.