पायइन्स्टॉलरने बांधलेल्या प्रोग्रॅमला सोबतची सीएसव्ही फाइल सापडत नाही. ती आत कशी घालावी?

पायइन्स्टॉलर (पायथन प्रोग्रॅमला स्वतंत्रपणे चालणाऱ्या रूपात बांधणारे साधन) चालवताना कमांडमध्ये ‘--ॲड-डेटा’ हा पर्याय देऊन ती फाइल नाव घेऊन सांगावी लागते. पायइन्स्टॉलर कोडमधील इम्पोर्ट पाहून मॉड्यूल गोळा करतो. परंतु फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ला दिलेले फाइलचे नाव त्याच्या लेखी केवळ एक स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर असते, त्यामुळे ती फाइल तो आपणहून उचलत नाही. पर्यायापुढे आधी तुमच्या संगणकावरील फाइलचा पाथ, मग कोलन आणि शेवटी प्रोग्रॅमच्या आतील फोल्डरचे नाव लिहावे, उदाहरणार्थ ‘दर.सीएसव्ही:डेटा’. बहुतेकांची चूक या शेवटच्या भागात होते: तेथे पुन्हा फाइलचेच नाव लिहिल्यास त्या नावाचे फोल्डर तयार होते आणि फाइल त्याच्या पोटात जाऊन बसते. आवृत्ती 6 च्या आधी विंडोजवर कोलनऐवजी अर्धविराम लागत असे, म्हणून जुनी उदाहरणे जशीच्या तशी उतरवू नयेत. कोडमध्येही एक बदल हवा: प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरातून सुरू केला जाईल याचा भरवसा नसल्यामुळे, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेल्या ‘फाइल’ या व्हेरिएबलवरून (त्यात त्या कोड-फाइलचा पाथ असतो) फोल्डर काढून त्याला पुढचा पाथ जोडावा. मात्र ‘--वनफाइल’ (सगळे एकाच फाइलमध्ये बांधणारा पर्याय) वापरत असाल, तर ही पद्धत केवळ वाचायच्या फाइलींसाठी योग्य आहे. त्या दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडल्या जातात आणि प्रोग्रॅम बंद होताच ते फोल्डर पुसले जाते, त्यामुळे वापरकर्त्याने केलेले बदल बाहेर, त्याच्या स्वतःच्या फोल्डरात साठवावेत.