सॅटचा कमी स्कोअर कॉलेजला दिसला तर?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणाऱ्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे सॅट या प्रवेशपरीक्षेबद्दल एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, मुलीने सॅट तीनदा दिली. तिन्ही स्कोअर पाठवायचे, एकच पाठवायचा, की पाठवायचेच नाहीत?" खरी भीती थोड्या वेळाने बाहेर येते. तो कमी पडलेला आकडा त्यांनी पाहिला तर सगळंच फिसकटेल का?

२०२४ च्या हंगामातलं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी पुण्यातल्या ज्युनियर कॉलेजात बारावीला होती आणि तिला पुढे अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकायचं होतं. मार्चमध्ये तिला सॅटमध्ये १६०० पैकी १२९० पडले. ऑगस्टमध्ये वाचन-लेखनात ६७० आणि गणितात ७६०, म्हणजे १४३०. ऑक्टोबरमध्ये ७१० आणि ७४०, म्हणजे १४५०. यादीत जॉर्जिया टेक, जॉर्जटाउन, बर्कली, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि मेन राज्यातलं बोडन हे छोटं कॉलेज.

"सोसायटीच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, १५५० च्या खाली असेल तर पाठवूच नका," बाबा म्हणाले.

मला या वाक्याची काळजी वाटते, कारण ते आपल्या सवयीतून येतं. आपण सीईटी आणि जेईईच्या कटऑफवर वाढलेली माणसं आहोत. एका गुणाने गेलं म्हणजे गेलंच. अमेरिकेतल्या मोजक्याच मुलांना घेणाऱ्या कॉलेजांत असा कटऑफ नसतो. तिथे स्कोअर अर्जातल्या इतर गोष्टींसोबत वाचला जातो: अकरावी-बारावीचे विषय, शिक्षकांची पत्रं, निबंध, मुलगी कुठल्या शाळेतून आली. कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' या दरवर्षीच्या माहितीपत्रकात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या स्कोअरचा पंचविसावा आणि पंच्याहत्तरावा पर्सेंटाइल छापतात, तेव्हा पालक वरचा आकडा पाहून तोच कटऑफ समजतात. पण त्या वर्गात बसलेल्या आणि स्कोअर दिलेल्या मुलांपैकी साधारण पाव मुलं खालच्या आकड्याच्याही खाली असतात. शिवाय स्कोअर ऐच्छिक असलेल्या ठिकाणी हे आकडे फक्त पाठवणाऱ्यांचे. ज्यांचे कमी होते त्यांनी पाठवलेच नाहीत, त्यामुळे ही पट्टी फुगलेली दिसते.

म्हणून मी त्यांना यादी घेऊन बसवलं आणि प्रत्येक कॉलेजचा नियम त्या कॉलेजच्याच पानावरून वाचायला लावला.

बर्कलीचं दोन मिनिटांत संपलं. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक कॅम्पस आहे, आणि त्या विद्यापीठाच्या कुठल्याच कॅम्पसमध्ये प्रवेश देताना सॅट पाहत नाहीत. जॉर्जिया टेकमध्ये स्कोअर सक्तीचा, पण ते सुपरस्कोअर करतात: वेगवेगळ्या तारखांतून प्रत्येक विभागाचा सर्वांत चांगला आकडा उचलतात. म्हणजे ऑक्टोबरचे ७१० आणि ऑगस्टचे ७६०, एकूण १४७०. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कुठले स्कोअर पाठवायचे ते निवडण्याच्या सोयीला 'स्कोअर चॉइस' म्हणतात; तिच्यात तुम्ही तारीख निवडू शकता, विभाग नाही. ऑगस्टचं फक्त गणित पाठवता येत नाही. ती तारीख निवडली की तिचे दोन्ही विभाग जातात.

तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मार्चचा स्कोअर तू आधीच पाठवलायस ना तिकडे?"

पाठवला होता. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार रिपोर्ट फुकट पाठवता येतात, म्हणून त्यांनी जॉर्जिया टेकचं नाव टाकलं होतं. निकाल त्यानंतर येतो, म्हणजे ही सोय वापरणारा आपला आकडा न पाहताच तो पाठवून देतो. पहिल्या प्रयत्नाला तरी माझा सल्ला असतो की ही सवलत सोडून द्या. पण जिथे सर्वोत्तम विभागच धरतात तिथे मार्चचा १२९० त्या १४७० ला खाली ओढत नाही. हे समजायला बाबांना वेळ लागला. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. घाबरलेल्या माणसाला उत्तर एकदा ऐकून पुरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जॉर्जटाउनवर गेला. तिथे अर्जदाराने दिलेल्या सगळ्या सॅटचे निकाल मागतात, 'स्कोअर चॉइस' चालत नाही. बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो दरवर्षी कुणीतरी विचारतंच: "पण मार्चला परीक्षा दिली होती हे त्यांना कळणार कसं?"

मी स्पष्ट बोलले. अर्जावर मुलीची सही असते, सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे म्हणून. नियम मान्य नसेल तर तिथे अर्ज करू नका. करायचा असेल तर तिन्ही पाठवा. सतरा वर्षांच्या मुलीला कॉलेजात शिरतानाच काहीतरी लपवायला लावणं मला मान्य नाही, आणि ज्या कामात असं करावं लागेल ते काम मी घेत नाही. शिवाय जॉर्जटाउनही विभागवार सर्वोत्तम आकडेच जुळवून पाहतं. मार्च ते ऑक्टोबर १६० गुणांची वाढ कुणाला लाज आणणारी नाही. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पाठवूया, अहो. तिने कष्टाने वाढवलेत."

उरली स्कोअर ऐच्छिक असलेली कॉलेजं, आणि खरा निर्णय तिथेच असतो. डार्टमथ या अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजच्या प्राध्यापकांनी २०२४ च्या जानेवारीत एक अभ्यास मांडला होता: कमी साधनांच्या पार्श्वभूमीची अनेक मुलं १४०० च्या आसपासचे गुण 'कमी' समजून पाठवत नव्हती, आणि पाठवले असते तर त्यांना प्रवेशाची संधी जास्त मिळाली असती. पुढच्याच महिन्यात डार्टमथने स्कोअर पुन्हा सक्तीचा केला. आमच्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, तिच्या घरी साधनं होती. पण राज्य मंडळाच्या गुणपत्रिका वाचायची सवय सगळ्याच प्रवेश अधिकाऱ्यांना नसते. अशा मुलीच्या अर्जात गणिताचे ७६० संख्याशास्त्राच्या इच्छेला पुष्टी देतात. म्हणून न्यूयॉर्कला पाठवावेत असं मी सुचवलं, आणि ते मान्य झालं.

बोडनबाबत आमचं जुळलं नाही. हे कॉलेज १९६९ पासून स्कोअर ऐच्छिक ठेवतंय, आणि तिथे न पाठवणाऱ्याकडे संशयाने पाहत नाहीत. मी पाठवले असते. तिला वाटत होतं की तिचा निबंध आणि मराठीच्या बाईंचं पत्र तिच्याबद्दल जास्त सांगतं, आकड्याने लक्ष दुसरीकडे जाईल. कारण विचार करून दिलेलं होतं आणि अर्ज तिचा होता. तिथे नाही पाठवला.

बाबांना अजून डिसेंबरची चौथी परीक्षा हवी होती. निबंध अर्धवट होते, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा होती, आणि वीस-तीस गुण वाढून यादीतल्या एकाही ठिकाणचा निर्णय बदलला नसता. नोंदणी केली नाही.

शेवटचं काम आकडे भरण्याचं. बरीच कॉलेजं आधी विद्यार्थ्याने स्वतः भरलेले स्कोअर चालवून घेतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. दोन्ही जुळले नाहीत तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. म्हणून सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या साइटवरचं खातं समोर उघडून, तारीख आणि विभाग एकेक वाचत, तिने आकडे भरले आणि बाबांनी ते शेजारी बसून ताडून पाहिले.