चार नोकऱ्यांचा बायोडेटा

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. बी. कॉम.नंतर पतसंस्थेत तीन वर्षे लिपिक, मग पुण्यातील कर्जवसुलीच्या कॉल सेंटरमध्ये पाच महिने, मूल लहान असताना घरी शिकवण्या आणि गेली चार वर्षे पिंपळगावजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब व निर्यातीची कागदपत्रे, एवढे सगळे तुम्ही केले आहे. तेवीस अर्जांनंतर आलेल्या एकुलत्या एका फोनवर भरती करणाऱ्या बाईंनी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे ऐकवले, ते तुमच्या जिव्हारी लागले आहे. त्यांनी तसे बोलायला नको होते. परंतु तुम्ही सोबत पाठवलेला बायोडेटा पाहिल्यावर त्यांना तसे का वाटले असावे, हे माझ्या ध्यानात आले.

त्यात आधी वडिलांचे नाव, जन्मतारीख व वैवाहिक स्थिती येते, नंतर दहावी-बारावीचे गुण, मग पतसंस्था. आणि पॅकहाऊसची चार वर्षे दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘कार्यालयीन कामकाज पाहिले’ एवढ्या तीन शब्दांत उरकली आहेत. हाच कागद तुम्ही बँकेला, शाळेला आणि वाहतूक कंपनीलाही पाठवला. अंबडच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे भरतीचे काम पाहिले आहे. अर्जांचा गठ्ठा समोर असला की पहिले अर्धे पान वाचून होते आणि उरलेले नुसते चाळले जाते, हे मी स्वतःही केले आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही.

म्हणून आधी नोकरी ठरवा आणि मग बायोडेटा लिहा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: हंगामात रोज दोन कंटेनरचे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याची) कागदपत्रे तुम्ही एकट्या तयार करत होता, ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरील नोंदी जुळवत होता, आणि चार वर्षांत कागदांअभावी एकही कंटेनर न्हावाशेवा बंदरात अडकला नाही. हे वाक्य बायोडेट्यात कुठेही नाही! ते जवळपास जसेच्या तसे सर्वांत वर घ्या आणि निर्यातदार, फ्रेट फॉरवर्डर (माल परदेशी पोहोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपन्या) व कस्टम्सचे काम करणाऱ्या कार्यालयांत ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन’च्या जागांसाठी अर्ज करा. पतसंस्थेतील अनुभव त्याखाली येईल, पण तोही ‘लिपिक’ म्हणून नव्हे, तर पिग्मी एजंटांचा रोजचा भरणा खात्यांशी जुळवणारी व्यक्ती म्हणून. कारण आकडे आणि कागद जुळवणे हेच तुम्ही दोन्हीकडे केले आहे. बँकेत किंवा वित्तसंस्थेत अर्ज करायचा असेल, तर मात्र वेगळा बायोडेटा करून पतसंस्था वर आणावी. शिकवण्यांना एक ओळ पुरे. वडिलांचे नाव आणि वैवाहिक स्थिती काढून टाका.

कॉल सेंटरचे पाच महिने लपवावेत का, असे तुम्ही विचारले आहे. बायोडेट्यात काय घ्यायचे ते तुम्ही ठरवू शकता, त्यामुळे तिथे ते वगळले तरी चालेल. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये आधीच्या सर्व नोकऱ्या विचारल्या असतील, तर तिथे त्या सर्व लिहिल्याच पाहिजेत. त्या पाच महिन्यांत पीएफ कापला गेला असेल, तर तुमच्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या बारा अंकी कायम क्रमांकाखाली, त्या कंपनीचे नाव आणि तारखा नोंदलेल्या आहेत. पडताळणीत ही तफावत निघाली, तर हातात आलेले नेमणूकपत्रही रद्द होऊ शकते. त्याच कारणाने पतसंस्थेच्या तारखा पुढे ओढून मधली पोकळी बुजवू नका. ‘मुलाच्या संगोपनासाठी विराम; या काळात घरी वाणिज्य विषयांच्या शिकवण्या’ असे सरळ लिहावे.

मुलाखतीत ‘इतक्या नोकऱ्या का बदलल्या’ हा प्रश्न येणारच. तिथे सासरची अडचण, पुण्यातले भाडे, साहेबांचा स्वभाव असा पाढा वाचू नका. ‘वसुलीचे काम मला मानवले नाही, ते पाच महिन्यांत कळले, कागदपत्रांचे काम मानवले, म्हणून तिथे चार वर्षे टिकले,’ एवढे शांतपणे सांगून थांबा. त्यानंतरची शांतता अवघड वाटते आणि माणूस ती भरून काढण्यासाठी नको ते बोलून जातो, म्हणून हे उत्तर घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून पाहा.

जानेवारीत द्राक्षांच्या कंटेनरची धांदल सुरू झाली, की या कार्यालयांत मुलाखती घ्यायला कोणाला सवड नसते, तेव्हा नवा बायोडेटा दिवाळीनंतर लगेच पोहोचता करा.

तुमची,
ताई