स्प्रिंटरने आधी सावकाश धावायला शिकावं

तू स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतर जोरात धावणारा, आणि आता १० किलोमीटरसारख्या लांब धावेकडे वळतोयस. तुझा वेग ही शिदोरी आहे, ती टाकू नकोस. पण पहिले दोन-तीन महिने घड्याळ घरी ठेव. धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त आहे. रांगल्यासारखं वाटेल, पण स्नायूंची ऑक्सिजन वापरायची ताकद याच संथ धावण्यातून वाढते.

तू चवड्यांवर धावतोस ना? १० किलोमीटर तसंच धावलास तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) धरते. माझी सहा आठवडे धरली होती. दम लवकर वाढतो, अशा शिरांना बळकट व्हायला मात्र महिने लागतात, म्हणून अंतर बेताबेताने वाढव. आठवड्यातून एकदा सोप्या धावेनंतर ८० मीटरचे पाच-सहा मोकळे झपाटे मार, मधे पूर्ण विश्रांती घेऊन. सकाळी पहिलंच पाऊल टाकताना टाच ठणकली, तर त्या दिवशी धावू नकोस.